हरभऱ्याच्या झाडावरचे स्वार

मंडळी, आजचा विषय जरा वेगळा आहे. कल्पनारम्य गेममध्ये बसायला वाहनं मिळतात. वाघ, ड्रॅगन, उडता गालिचा, एखादं चालतं झाडसुद्धा. या वाहनांच्या चाहत्यांत लाकडावरचे विनोद फार चालतात. झाडावर बसलात तर चारा नको, पाणी घाला. फार वेळ थांबू नका, मुळं फुटतील. सुतारपक्षी दिसला की पळवा. हसू येतंच. पण हे हसू कशावर उभं आहे, ते आम्हाला पाहायचंय.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४ साली आला. त्यात शेकडो वाहनं आहेत, पण खाली घोडा असो की वाघ, एका प्रतीची वाहनं एकाच वेगानं धावतात. फरक फक्त दिसण्याचा. म्हणजे लाकडी वाहनाचं लाकूडपण गेमनं काढूनच घेतलं. त्याला वजन नाही, वाळवी नाही, आगीची भीती नाही. चाहत्यांचा विनोद नेमकं तेच परत आणतो. म्हणून त्याला आम्ही पोरकट म्हणणार नाही. ती त्या गेमवरची टीकाच आहे.

हा विनोद उत्तम कुठं साधतो? टोल्किनच्या ‘द टू टॉवर्स’मध्ये, १९५४ साली. ट्रीबिअर्ड हा झाडासारखा दिसणारा वनराखा दोन हॉबिटांना खांद्यावर घेऊन लढाईला निघतो. पुढं बुटका गिमली त्याला वाकून नमस्कार करतो आणि त्याच्या कमरेची कुऱ्हाड खणकन खाली पडते! प्रसंग गमतीचा, पण झाडाच्या बाजूनं पाहिलं तर जिवावरचा. आपल्याकडं म्हणतातच ना, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

झाडावर स्वार होण्याचा विनोद मराठीलाही नवा नाही. आपण माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतो. हरभरा असतो गुडघ्याएवढा. चढणारा खूश, पाहणाऱ्याला ठाऊक की याचे पाय जमिनीवरच आहेत. गंमत सगळी ‘हरभऱ्याच्या’ या शब्दात आहे. नुसतं ‘झाडावर चढवला’ म्हणा, विनोद संपला.

आमची तक्रार इथं आहे. गेमवाल्यांचे बहुतेक विनोद ‘लाकूड’ म्हणून थांबतात. अहो, कुठलं लाकूड? जुन्या सागाला वाळवी सहजासहजी लागत नाही, मग सागाच्या वाहनावर वाळवीचा विनोद बसेल कसा? पांगारा हलका आणि मऊ, त्याचं वाहन पळेल पण टिकणार नाही. बाभूळ जड आणि चिवट, म्हणून तर बैलगाडीच्या चाकाला तीच लागायची.

राहू बेटातल्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या. शर्यतीचा गाडा हलका लागतो, उसाचा दणकट. इथं लाकूड बदललं की वेग बदलतो. पण ओझ्याच्या गाड्यांना आता टायर आले, लाकडी चाक गेलं. चाकाबरोबर बाभळीची पारखही निघाली आहे. ती गेली की बाभूळ काय आणि पांगारा काय, आपल्यालाही गेमसारखं सगळं एकाच वेगाचं वाटू लागेल. आणि हरभरा न पाहिलेल्या पोराला ती म्हण ऐकून हसू तरी का यावं?

तेव्हा मंडळी, पोरगं मोबाईलवर झाडावर बसून निघालं तर रागावू नका. एवढंच विचारा, बाबा, झाड कुठलं?