फुलामुलांच्या पलीकडचे टिळक

नारायण वामन टिळक म्हटले की ‘फुलामुलांचे कवी’ आठवतात. ही ओळख खरी, पण अर्धी. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी रचलेले ख्रिस्तभक्तीचे अभंग वाङ्मयेतिहासाने चर्चच्या हवाली केले. कोल्हापुरात वाइल्डर यांनी १८५२मध्ये मिशनचे काम सुरू केले. येथील ख्रिस्ती घरांतून मी टिळकांची पदे ऐकली, वाङ्मयीन चर्चासत्रांत मात्र क्वचितच.

टिळकांनी ख्रिस्ताला वारकरी अंगरखा चढवला, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. स्टीफन्सच्या १६१६च्या ‘ख्रिस्तपुराणा’त पुराणिक श्रोत्यांना कथा सांगतो; तिथे ख्रिस्त बहुतांशी ‘तो’ असतो. टिळकांच्या अभंगांत तो ‘तू’ होतो, ‘माउली’ होतो. देवाशी लाडाने, हट्टाने बोलण्याची मराठी संतांनीच घडवली होती. टिळकांना प्रार्थना सुचली ती याच मराठीत. अंगरखा उतरवून ठेवता येतो, मातृभाषा नाही.

नाममुद्राही पाहावी. ‘तुका’, ‘नामा’ ही त्या त्या संताची नावे. टिळक ‘दास’ म्हणतात. गाणारा कोणीही त्या शब्दात स्वतःला ठेवू शकतो. वैयक्तिक भक्ती सामुदायिक होते ती अशी.

१९१७मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनाही तिथे जागा होती. या अभंगांना मराठी भक्तिकवितेच्या अभ्यासात तेवढी तरी जागा मिळावी. ती न दिल्याने टिळकांचे नव्हे, आपल्या वाचनाचे नुकसान होते.