भाजलेल्या रुग्णाचं गणित: बॉक्स स्कोअरमध्ये वडनेर कुठे बसतं?

आज ज्या पेपरची चिरफाड करायची आहे तो ऑस्लर आणि सहकाऱ्यांचा, २०१० सालचा. सूत्र तोंडी करता येईल इतकं सोपं आहे: रुग्णाचं वय अधिक भाजलेल्या त्वचेची टक्केवारी, आणि धूर किंवा गरम वाफ श्वसनमार्गात गेली असेल तर आणखी १७. बेरीज जितकी मोठी, तितका मृत्यूचा धोका जास्त. मूळ कल्पना फ्रान्सच्या बॉक्सची, १९६१ ची. त्यात श्वसनमार्गाचा विचारच नव्हता. ऑस्लरने तो आणला, आणि ही सुधारणा खरंच मोलाची आहे.

आता हिंगणघाट आठवा. ३ फेब्रुवारी २०२० ला भर रस्त्यात पेट्रोल टाकून जाळलेली तरुण प्राध्यापिका. बातम्यांत ३५ ते ४० टक्के भाजल्याचं आलं होतं. चेहरा आणि श्वासनलिकाही होरपळली होती. वय पंचविशीच्या आसपास. करा बेरीज: २५ + ४० + १७ = ८२. जगणं-मरणं समसमान होतं तो आकडा या सूत्रात शंभराच्या बराच वर आहे. म्हणजे कागदावर ती वाचण्याची शक्यता जास्त होती. १० फेब्रुवारीला नागपुरात ती गेली.

लगेच 'सूत्र चुकलं' असं लिहू नका हं. कमी धोका म्हणजे शून्य धोका नाही, आणि एका रुग्णावरून मॉडेल पडत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. हे आकडे अमेरिकेच्या नॅशनल बर्न रिपॉझिटरीतले. वडनेरला रात्री कुणी भाजलं, तर नागपूर नव्वद-शंभर किलोमीटर. सलाईन कधी सुरू झालं, घसा सुजण्याआधी श्वासनळीत नळी पडली का, वॉर्डात जंतुसंसर्ग किती, यातलं काहीच त्या बेरजेत नाही. पार्कलँड सूत्रातलं पहिल्या २४ तासांचं अर्धं सलाईन ८ तासांत द्यायचं असतं, आणि ते तास मोजायचे भाजल्यापासून, दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे. तीन तास रस्त्यात गेले तर उरले पाचच.

दुसरं, तो '१७'. श्वसनमार्ग भाजला: हो किंवा नाही. पण ठरवणार कोण? ब्रॉन्कोस्कोप नसेल तर डॉक्टर बघतात ते जळालेले नाकातले केस, घोगरा आवाज, थुंकीतली काजळी. यातलं एकच लक्षण असलेला रुग्ण आणि गळा मिटत चाललेला रुग्ण, दोघांना सारखेच १७! टक्केवारीचंही तसंच. लालसर झालेली वरवरची त्वचा मोजायचीच नसते, पण घाईत ती धरली जाते आणि आकडा फुगतो.

तुम्ही हे सूत्र विदर्भात तपासणार असाल तर नुसता आरओसी आलेख काढून थांबू नका. तो एवढंच सांगतो की जास्त गंभीर रुग्णाला जास्त गुण मिळाले. सूत्र शंभरात दहा मृत्यू म्हणतं तेव्हा आपल्याकडे दहाच होतात की तीस, हे कॅलिब्रेशनमध्ये दिसतं. आणि डेटा भरताना भाजल्याची वेळ व पहिल्या सलाईनची वेळ असे दोन वेगळे रकाने ठेवा. केसपेपरवर बहुधा फक्त दाखल झाल्याची वेळ सापडेल; बाकीची नातेवाइकांना विचारून त्याच दिवशी लिहावी लागेल.