निवडक गाण्यांतील शाहीर

मोहरमात कडेगावी गगनचुंबी ताबुतांच्या भेटी होतात. या सणात गावोगाव म्हटल्या जाणाऱ्या करबलच्या गाण्यांना स्वतःचा दिवस असतो, चौक असतो. लोकगायन हे असे प्रसंगनिष्ठ असते. ‘निवडक लोकप्रिय गाणी’ या नावाची ध्वनिफीत नेमका हा प्रसंगच वजा करते. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर कृष्णराव साबळे (१९२३–२०१५) यांच्या गाण्यांच्या संकलनांकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते.

अशा संकलनात ‘जय जय महाराष्ट्र माझा’, ‘या गो दांड्यावरनं’ आणि ‘विंचू चावला’ सहज शेजारी येतात. पहिले राजा बढे यांचे, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले गौरवगीत, दुसरे कोळीगीत, तिसरे एकनाथांचे भारूड. तिन्हींची गोत्रे भिन्न. रंगमंचावर गण, गवळण, बतावणी यांचा जो क्रम एका रचनेला दुसरीचा अर्थ पुरवतो, तो येथे नाहीसा होतो. शाहीर ही भूमिका होती. संकलन तिचे ‘गायक’ या संज्ञेत रूपांतर करते. मुक्तनाट्यातून व्यवस्थेची टवाळी करणारे साबळे अशा निवडीत जवळजवळ सापडतच नाहीत, ही हानी किरकोळ मानता येणार नाही.

असे असूनही ही गाणी टिकतात. याचे श्रेय केवळ स्मरणरंजनाला देणे हा समीक्षेचा आळस होय. ‘विंचू चावला’ पाहावे. भारुडातील विंचू कामक्रोधाचा आणि उतारा सत्त्वगुणाचा, हे रूपक सर्वपरिचित आहे. कोळीगीताशेजारी ऐकताना ते निव्वळ विनोदी गाणे वाटण्याचा धोका असतो. पण साबळे यांचे विव्हळणे करुणेची याचना करीत नाही. ते इतके वाढवलेले आहे की श्रोता प्रथम हसतो आणि हसताहसताच त्या वेदनेचा वाटेकरी होतो. अध्यात्म येथे विनोदाच्या पाठीमागून येत नाही, त्याच्या पोटातून येते. कीर्तनकाराला हे ठाऊक असते. अभ्यासकांनी मात्र भारुडाचा अर्थ सांगताना त्यातील सोंग बहुधा बाजूला ठेवले आहे.

या आवाजाला गुळगुळीतपणा नाही. तो दूर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचण्यासाठी घडलेला आहे, आणि ध्वनिक्षेपकासमोरही तो ती सवय सोडत नाही. झीलकऱ्यांसाठी ओळीच्या शेवटी मोकळी सोडलेली जागा एकट्याने ऐकणाऱ्यालाही जाणवते. प्रसंग कापला गेला तरी त्याचा हा ठसा स्वरात उरतो. संकलनाला तो पुसता आलेला नाही.

गौरवगीताची गत निराळी झाली. २०२३ मध्ये त्याला राज्यगीताचा दर्जा मिळाला, तोही दोन कडव्यांपुरता. निवडीतून पुन्हा निवड झाली. आता ते उभे राहून ऐकायचे असते, आणि शाहिराच्या श्रोत्याला मिळणारी हुंकार देण्याची मुभा त्या शिस्तीत बसत नाही.