सैतानाची सर्व्हिसिंग

गाड्यांच्या गोष्टी साधारण दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात पार्ट जिंकतात. २००१ च्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’मध्ये नायट्रसचं बटण दाबलं की आजूबाजूचं जग धूसर होतं. दुसऱ्या प्रकारात हात जिंकतो. ‘इनिशियल डी’मधला टोफू पोचवणारा ताकुमी जुन्या, टर्बो नसलेल्या टोयोटात बसून घाटात भल्याभल्यांना मागे टाकतो. मिचिहारू कुसुनोकीची ‘वांगान मिडनाइट’ ही मांगा या दोन्ही खणांत बसत नाही. तिच्यातल्या कित्येक रेस धड संपतही नाहीत. लक्षात राहतं ते रेसच्या आधीचं आणि नंतरचं काम.

ही मांगा १९९० साली सुरू झाली आणि २००८ मध्ये ४२ खंडांवर थांबली. १९९९ मध्ये तिला कोदान्शा पुरस्कार मिळाला. आपल्यापैकी बहुतेकांना ती २००७-०८ च्या २६ भागांच्या ॲनिमेमुळे किंवा मॉलमधल्या आर्केड गेममुळे माहीत असते. गोष्ट तशी छोटी आहे. शाळकरी वयाच्या असाकुरा अकिओला भंगारात गडद निळ्या रंगाची जुनी निसान फेअरलेडी झी सापडते. तिच्या आधीच्या मालकाचं नावही असाकुरा अकिओ, आणि तो याच गाडीत मेलेला. लोक तिला ‘डेव्हिल झी’ म्हणतात. मेलेल्याचा मित्र शिमा तात्सुया पेशाने डॉक्टर आहे. काळ्या पोर्शे ९११ टर्बोत बसून तो रात्री तिचा पाठलाग करतो. रस्ता म्हणजे टोकियोच्या खाडीलगत जाणारा वांगान एक्सप्रेसवे. गोष्टीतला सगळ्यांचा ध्यास एकच, ताशी ३०० किलोमीटर.

आता गाडीचं बॉनेट उघडू. आत निसानचं एल२८ आहे : सहा सिलिंडर एका ओळीत, बिडाचा ब्लॉक, एकच कॅमशाफ्ट. मूळचं २.८ लिटरचं हे इंजिन गोष्टीत ३.१ लिटरचं झालंय, दोन टर्बो लागलेत आणि ताकद ६०० अश्वशक्ती. टर्बोचं तत्त्व साधं आहे. एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक चाक फिरवायचं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. तो दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळशा थरावर.

पण ताकद फुकट मिळत नाही. दाबलेली हवा तापते. मिश्रण वेळेआधी आपोआप पेटलं की नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनचा भुगा होऊ शकतो. ते सांभाळलं तर हेड गॅस्केट उडतं. गॅस्केट टिकलं तर क्लच घसरतो. क्लच बदलला तर गिअरबॉक्स बोंबलतो. तोही सुधारला की कळतं, मूळच्या पत्र्यालाच एवढा जोर झेपत नाहीये आणि ब्रेक तर त्याहून कच्चे आहेत. दुखणं बरं होत नाही, नुसतं पुढे सरकतं. माझं पोट बॅकएंड सिस्टिमवर चालतं, त्यामुळे हा प्रकार मला रोजचा आहे. डेटाबेस वेगवान केला की नेटवर्क अडतं, नेटवर्क सुधारलं की कॅशे. अडथळा मरत नाही, पत्ता बदलतो.

कुसुनोकीचं खरं कसब मला इथे दिसतं. सरकणारं हे दुखणं त्याने ४२ खंडांच्या मालिकेचा सांगाडाच बनवलं. नवं प्रकरण म्हणजे नवा खलनायक, असं इथे होत नाही. नवं प्रकरण म्हणजे बहुधा नवा कारागीर. इंजिन बांधणारा कितामी, बॉडीचा पत्रा सरळ करणारा ताकागी, आणि पुढे असेच आणखी. प्रत्येकाला गाडीचा एकच भाग दिसतो, आणि त्या भागात त्याचा सगळा भूतकाळ अडकलेला असतो. ६०० अश्वशक्तीचं इंजिन बांधणारा कितामी आता सायकलचं दुकान चालवतो. या एका तपशिलात ट्यूनिंगच्या वेडाची जेवढी किंमत कळते, तेवढी दहा अपघात दाखवून कळली नसती.

काळही बघायला हवा. १९८९ मध्ये निसानने स्कायलाइन जीटी-आर आर३२ आणली. तिच्या ट्विन टर्बो इंजिनाची कागदोपत्री ताकद होती २८०. जपानी कंपन्यांनी आपसात ठरवून घेतलेली ती मर्यादा होती, २००४ पर्यंत टिकली. म्हणजे बाजारात नवंकोरं, सहज दुप्पट ताकद झेलू शकणारं मशीन उपलब्ध असताना ही गोष्ट सत्तरच्या दशकातली भंगार गाडी निवडते. मांगा सुरू झाली तेव्हा जपानचा शेअर बाजार नुकताच शिखरावरून घसरू लागला होता, आणि मंदीची पुढची सगळी वर्षं ती चालू राहिली. त्यामुळे आर३२ वाला हिरामोतो मला अकिओपेक्षा जवळचा वाटतो. बायको गरोदर आहे, आणि हा पैसे गाडीत ओततोय. त्याच्या पानांवर प्रत्येक पार्टला घरखर्चाचा वास येतो.

इथवर कौतुक. आता तक्रार, आणि ती किरकोळ नाही.

मराठीत गाडी व्याकरणानेच ‘ती’ असते. ‘वांगान’मध्ये मात्र ती खरोखर कुणीतरी आहे. ती माणूस निवडते, रुसते, जीव घेते. पत्रा, तेल, तापमान यांबद्दल इतकं प्रामाणिक असलेलं हे लेखन माणसाच्या निर्णयाशी आलं की सैतानाला पुढे करतं. सार्वजनिक रस्त्यावर ३०० ने जायचं हे कोणी ठरवलं? गाडीने ओढून नेलं, असं उत्तर मिळतं. आमच्याकडे सिस्टिम पडली की दुसऱ्या दिवशी कारणांचा अहवाल लिहावा लागतो. त्यात ‘सर्व्हरची इच्छा’ असं कोणी लिहिलं तर त्याला हसतील. कुसुनोकी इथे तसंच लिहितो, आणि आपण हसत नाही, कारण चित्रं फार सुंदर आहेत.

त्या चित्रांत ट्रक असतात. अकिओ आणि शिमा त्यांच्यामधून सुईसारखे निघून जातात आणि पानोपानी स्वगतं चालू राहतात. ट्रकच्या केबिनमधला माणूस जवळपास कधीच दिसत नाही. रात्रपाळीला माल वाहणाऱ्या त्या माणसाला या द्वंद्वाची कल्पना नाही, त्याची संमती तर नाहीच. मेलेल्या असाकुराची बहीण एरिको सुरुवातीला येते, तेव्हा घरच्यांच्या बाजूने बोलणारं कुणीतरी आहे असं वाटतं. गोष्ट तिला लवकरच मागे सोडून देते. शिमासारखा डॉक्टर मध्यवर्ती असूनही दिवसाचं त्याचं ऑपरेशन थिएटर आणि रात्रीचा त्याचा रस्ता यांच्यातला विरोध गूढ म्हणून वापरला जातो, प्रश्न म्हणून विचारला जात नाही. रेनासुद्धा स्वतः जीटी-आर चालवते, तरी पुष्कळदा तिचं काम मागून बघत राहण्याचंच.

हे सगळं जपानचं, आपल्याला काय, असं म्हणता येत नाही. पुण्यात माझ्या ओळखीतल्या दोघांनी गाड्या रिमॅप करून घेतल्यात. लॅपटॉप जोडला, ईसीयूमधला बूस्टचा तक्ता बदलला, तासाभरात काम खलास. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्ही कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करण्याच्या विरोधात आहेत. पण त्याहून मोठी अडचण कथनाची आहे. रीलवर आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा दिसतो. वाढलेल्या बूस्टमुळे घसरलेला क्लच, लवकर बदलावं लागणारं तेल, तेच जुने ब्रेक, यांचं रील निघत नाही.

‘वांगान मिडनाइट’ वाचावी ती यासाठी. ताकद वाढवली की तिची देखभाल आयुष्यभर गळ्यात पडते, हे कोणत्याही मेकॅनिकइतक्या नेमकेपणाने ती सांगते. फक्त ती देखभाल गाडीपाशी थांबते, रस्त्यावरच्या बाकीच्यांपर्यंत पोचत नाही. वाचताना त्या ट्रकांकडे मुद्दाम बघा. कुसुनोकीने ते फार मन लावून काढलेत : मागचे लाल दिवे, ताडपत्री, नंबरप्लेट. आत कोण बसलंय एवढंच काढायचं राहिलंय.