घोषणेचे व्याकरण

कंपन्यांच्या घोषणा मी वाङ्मयप्रकार म्हणूनच वाचतो. त्यांतली क्रियापदे भविष्यकाळी असतात. तळेगावला अपेक्षित असलेला वेदान्त-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा चिप-प्रकल्प सप्टेंबर २०२२मध्ये गुजरातकडे गेला. ‘हिरावलेल्या’ लाखभर नोकऱ्यांवरून महाराष्ट्रात रण माजले. जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉननेच अंग काढून घेतले. भांडण बाजारातल्या तुरींवरचे होते. तळेगावातच जनरल मोटर्सने डिसेंबर २०२०मध्ये उत्पादन थांबवले. तो कारखाना घेणार म्हणून गाजलेली ग्रेट वॉल मोटर्स आलीच नाही. शेवटी २०२३मध्ये ह्युंदाईने खरेदीचा करार केला. म्हणून मावळातली शंका मला अडाणीपणाची वाटत नाही. ती व्याकरणाची जाण आहे: घोषणेत रोजगार ‘मिळणार’ असतो, सातबाऱ्यावरचे नाव मात्र ‘गेलेले’ असते.