खणलेली माती

आपल्या भाषेत खणण्याच्या क्रियेस नावे पुष्कळ आहेत. मान मात्र तिच्या वाट्यास फारसा आलेला दिसत नाही. विहीर खणावयाची, पाया खोदावयाचा, लेणे कोरावयाचे, कंद उकरावयाचे, भिंत पोखरावयाची. प्रत्येक हेतूस निराळे क्रियापद योजण्याइतकी मराठी चोखंदळ आहे. परंतु म्हणींकडे वळावे, तो हा चोखंदळपणा कोठल्या कोठे नाहीसा होतो. डोंगर पोखरून उंदीर काढणारा हास्यास्पद, तहान लागल्यावर विहीर खणणारा मूर्ख, जुनी मढी उकरणारा दुष्ट, आणि दुसऱ्यासाठी खड्डा खणणारा तर स्वतःच त्यात पडावयाचा! म्हणी हे समाजाचे अलिखित टीकावाङ्मय होय असे मानले, तर या टीकेत एक मोठी उणीव आहे. खड्ड्यातून काय निघाले आणि त्यात कोण पडले, एवढेच ती पाहते. निघालेल्या मातीचे पुढे काय झाले, हे ती विचारीत नाही.

या प्रश्नाचे महत्त्व ज्यास पाहावयाचे असेल, त्याने भंडारा जिल्ह्यातील साकोलीच्या परिसरात जावे. तेथे धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगास कोठे ना कोठे तलावाची अथवा बोडीची पाळ दिसावयाचीच. हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा लौकिक मोठा. त्यास चांद्याच्या एका गोंड राजाने काशीकडून आणले, अशी परंपरागत कथा आहे. येथे खड्डा आणि पाळ ही एकाच कष्टाची दोन रूपे होत. जी माती उचलली, तीच पाण्याच्या वाटेत आडवी रचली. पूर्वी साकोली तहसिलीत मोडणारे आणि 1999 सालच्या विभागणीपासून गोंदिया जिल्ह्यात गेलेले नवेगाव या कामाचा मुकुटमणी होय. तेथील बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने घातला, असे सांगतात. आपल्या कित्येक लोककथांत तळ्यास पाणी लागावे म्हणून घरच्या सुनेचा बळी पडतो. नवेगावच्या कथेत मात्र भोवतालच्या सात टेकड्या, म्हणजे ‘सात बहिणी’, कोलूच्या साहाय्यास धावतात, आणि पुढे तोच कोलासुर देव म्हणून पुजला जातो. पहिल्या कल्पनेत धरणी माणूस मागते, दुसरीत ती हाताखाली राबते. वाङ्मय या दृष्टीने दुसरी कल्पना आम्हांस अधिक प्रौढ वाटते. कारण ती रचणाऱ्यांनी टोपली डोक्यावर घेतली होती.

यावर कोणी म्हणेल, की खणण्याची परीक्षा हेतूवरून का करू नये? पशूंकडे पाहिले म्हणजे ही कसोटी अपुरी पडते. नागझिऱ्याच्या रानातील अस्वल वाळवीसाठी वारूळ फोडते, रानडुक्कर कंदांसाठी जमीन उकरते, साळिंदर निवाऱ्यासाठी बीळ करते. पोट आणि घर यांहून निर्दोष हेतू कोणते? परंतु तोच निर्दोष हेतू धरून घूस अथवा खेकडा तलावाच्या पाळीत शिरला, की त्याच्या बिळातून पाणी वाट काढते आणि प्रसंगी सबंध पाळ वाहून जाते. उलट, क्षुद्र वाळवी तळची माती कणाकणाने वर आणते आणि तिचे वारूळ उभारते. नागपंचमीस जमीन खणू नये असे सांगणाऱ्या आपल्या समाजाने त्याच वारुळास हात जोडले, ही गोष्ट अर्थपूर्ण नाही काय?

मातीलाच प्रमाण मानणारा खणणारा याच जिल्ह्यात आणखी एक होऊन गेला. वैनगंगेकाठच्या पवनी येथे 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खाते यांनी जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले व प्राचीन स्तूपाचे अवशेष उजेडात आणले. धनलोभ्यास माती ही अडचण. संशोधकास तिचा प्रत्येक थर म्हणजे एक पान. कुदळ तीच, खड्डा तोच. पण एक माती भिरकावतो, दुसरा वाचतो.

साकोलीकडील तलावांच्या वाट्यास मात्र असा वाचक क्वचितच आला. मारुती चितमपल्ली (1932–2025) यांच्या लेखनाने नवेगाव सुशिक्षितांच्या घरी पोचविले खरे. पण वाचकांनी त्यातून पक्षी तेवढे उचलले. पाळीवर उभे राहून पक्षी पाहणाऱ्यास पायाखालची पाळ दिसत नाही! ही अनास्था केवळ वाङ्मयीन असती, तर तिची एवढी चिंता नव्हती. 1951 साली मालगुजारी गेली, हे इष्टच झाले. तथापि गाळ काढण्याची, पाळ राखण्याची जी गावकी वहिवाट होती, तीही तिच्याबरोबर ढिली पडली आणि कित्येक तलाव उथळ झाले. पुढे 2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना निघाली. तिच्या नावातच काढलेल्या मातीचा पुढील पत्ता दिलेला आहे, ही तिची खूण आम्हांस मोलाची वाटते. मात्र यंत्राने एक खोल खड्डा पाडून गाळ काठावरच टाकला, तर पहिल्याच पावसाळ्यात तो पुन्हा तलावात उतरावयाचा. तेव्हा तलाव खोल केल्याचे वृत्त वाचताना सुज्ञ वाचकांनी खोलीच्या आकड्यावर समाधान मानू नये. काढलेली माती कोणाच्या शेतात पडली, हेही विचारावे.