उच्चांक आणि आयुष्य : स्ट्रॅटेजी गेमचे खेळाडू कसे मोजावेत?

व्हिडिओ गेमच्या समीक्षेत गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक नवा परीक्षक येऊन बसला आहे : खेळाडूसंख्येचा आलेख. 'स्टीम' या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानात कोणता खेळ या क्षणी किती जण खेळत आहेत, हे कोणालाही पाहता येते. 'स्टीमडीबी'सारखी संकेतस्थळे हे आकडे सतत टिपून ठेवतात. रेष खाली उतरली की 'खेळ मेला' असा निकाल लागतो. स्ट्रॅटेजी गेमच्या बाबतीत हा निकाल बहुधा घाईचा असतो, असे माझे म्हणणे आहे.

मुळात हा आकडा एका क्षणाची गर्दी मोजतो, दिवसभरात येऊन गेलेली माणसे नव्हे. समजा, एक खेळ रोज 24 हजार लोक प्रत्येकी एक तास खेळतात आणि दुसरा 4 हजार लोक प्रत्येकी सहा तास. खेळणे दिवसभर सारखे विभागले गेले, तर दोन्हींचा आकडा एकच येईल : 1 हजार. स्ट्रॅटेजी गेममध्ये बैठका लांबतात. खेळ चालू ठेवून जेवायला उठलेला माणूसही मोजला जातो. इंटरनेट बंद करून एकट्याने खेळणारा मात्र सुटतो. स्टीमबाहेरचे खेळाडू तर या हिशेबात नसतातच. 'एज ऑफ एम्पायर्स 4' हा खेळ 2021मध्ये पहिल्या दिवसापासून मायक्रोसॉफ्टच्या गेम पास वर्गणीतही उपलब्ध होता. 'सिव्हिलायझेशन 6' मे 2020मध्ये एपिकच्या दुकानात काही दिवस फुकट मिळत होता.

'सिव्हिलायझेशन' मालिकेचाच इतिहास पाहू. सहावा भाग ऑक्टोबर 2016मध्ये आला. एकाच वेळी खेळणाऱ्यांचा आकडा 1 लाख 60 हजारांवर गेला आणि मग घसरला. 2017मध्ये 2010च्या पाचव्या भागाचेच खेळाडू अधिक दिसत होते. तेव्हा निकाल दिला असता तर तो सहाव्या भागाच्या विरोधात गेला असता. पुढे 2018 आणि 2019मध्ये दोन मोठी एक्सपान्शन आली, आणि सहाव्याने पाचव्याला मागे टाकले. फेब्रुवारी 2025मध्ये आलेल्या सातव्या भागाचा उच्चांक 84 हजारांच्या आसपास राहिला, आणि काही महिन्यांतच तो दोन्ही जुन्या भागांच्या खाली गेला. ही घसरण खरी आहे, खेळाडूंच्या तक्रारीही खऱ्या आहेत. पण सातवा भाग पहिल्या दिवसापासून कन्सोलवरही होता. शिवाय नवा खेळ आणि वर्षानुवर्षे भर पडत गेलेला जुना खेळ यांची तुलना करायची, तर ती प्रकाशनापासूनच्या समान अंतरावर केली पाहिजे.

उलट्या बाजूचा दाखला 'टोटल वॉर : थ्री किंग्डम्स'चा. मे 2019मध्ये त्याने सुमारे 1 लाख 90 हजारांचा, त्या मालिकेतला सर्वांत मोठा उच्चांक गाठला. दोनच वर्षांनी, मे 2021मध्ये, निर्मात्यांनी त्यात नवी भर घालणे थांबवल्याचे जाहीर केले. उच्चांकाने खेळाला दीर्घायुष्य दिले नाही. याउलट 1999च्या 'एज ऑफ एम्पायर्स 2'ची 2019मधली नवी आवृत्ती स्टीमवर 2021च्या चौथ्या भागापेक्षा जास्त खेळाडू टिकवून आहे.

म्हणून मी आलेखाचे शिखर सोडून तळ पाहतो. सवलत नाही, नवे एक्सपान्शन नाही, सुट्टी नाही, अशा साध्या आठवड्यात किती जण खेळतात? तो तळ दरवर्षी सरकतो कुठे? स्ट्रॅटेजी गेम शिकायलाच कित्येक तास जातात. त्याचा खरा खेळाडू पहिल्या आठवड्यात ठरत नाही.

हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. 'मेलेला' म्हणून शिक्का बसलेला खेळ नवा माणूस विकत घेत नाही. ऑनलाइन सामन्याला प्रतिस्पर्धी मिळेनासा होतो, आणि भाकीत स्वतःलाच खरे करते. आलेख समीक्षकाने जरूर वापरावा, पण पुरावा म्हणून. खेळ कसा आहे, हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर ढकलता येत नाही.